नाव न घेता

"प्रार्थनेनं मोडलं म्हणं तिचं लगीन."

हे कानावर पडलं तेव्हा मी एका आजींच्या दंडाला रबरी पट्टा बांधत होते. बोलणारी बाई समोरच्या बाकावर होती. तिचं उपाशीपोटीचं रक्त घेऊन झालं होतं. खाऊन दोन तासांनी पुन्हा द्यायचं, म्हणून डब्यातली भाकरी संपवून ती वेळ काढत बसली होती.

"कुणाचं गं?" शेजारणीने विचारलं.

"स्टँडमागं मशीन टाकून बसती बघ, ब्लाऊजवाली. सारिका. किरिस्तावांची एक बाई दुकानात आली, हिच्या डोक्यावर हात ठिवून प्रार्थना केली. सासू हुती तितंच बसलेली. उठली आन् चालू लागली. टीबी हाय म्हणं पोरीला."

"आगं बया! आन् त्या बाईला कुणी सांगितलं?"

"देवानं सांगितलं म्हणं."

माझ्या हातातली सुई तशीच राहिली. आजी भिंतीकडे तोंड करून, डोळे गच्च मिटून बसल्या होत्या. बराच वेळ टोचलं नाही म्हणून त्यांनी एक डोळा उघडला.

"काय गं, शीर गावंना का?"

"गावली, आजी," मी म्हणाले आणि टोचलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी तेवढंच बोलले.

उमरग्यात हायवेला लागून दवाखान्यांची रांग आहे. त्या रांगेतल्या एका जिन्याखाली आमची पॅथॉलॉजी लॅब. मी तिथे सहा वर्षं काम करते आहे. आमच्या चर्चच्या नाताळ अंकासाठी 'तुझ्या कामाचे अनुभव लिही' असं पाळकसाहेबांनी सांगितलं, तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले. लॅबमधले अनुभव दुसऱ्यांच्या अंगातले असतात, ते लिहायचे कसे? मग ज्या एका अनुभवात माझाही वाटा होता, तो लिहायचं ठरवलं आणि सारिकाला विचारायला गेले. सारिका हे अर्थातच तिचं नाव नाही. ती मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "लिही की. पण गाठ कुठल्या बाजूला हुती ते चुकीचं लिही. म्हंजी मला हसू तरी येईल." तेव्हा वाचकांनी लक्षात ठेवावं : गाठ मानेच्या डाव्या बाजूला होती.

आमचं काम सोपं वाटतं. रक्त घ्यायचं, नळीवर नंबर टाकायचा, मशीनमध्ये लावायचं, कागद छापायचा. अवघड असतात ती माणसं. सहा फुटी ट्रक ड्रायव्हर सुई बघूनच खुर्चीत कलंडतो आणि शुद्धीवर आल्यावर आधी विचारतो, "कुणी बघितलं न्हाय ना?" एक आजोबा लघवी क्वार्टरच्या बाटलीतून घेऊन आले. बाटली धुतली होती का, असं विचारलं तर दुखावून म्हणाले, "धुतली म्हंजी? रिकामी करून आठ दिस झाले." एक बाई दर वेळी भांडते, "येवढं रक्त? दोन थेंबांत व्हत न्हाय का? ऱ्हायलेलं माघारी घाल."

यांच्यात बोलायचं कमीच लागतं आणि मला तेच बरं वाटतं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. पप्पा सरकारी दवाखान्यात ड्रेसर होते; दिवसभर जखमा बांधून मिळवलेल्या पगारातून त्यांनी मला त्या शाळेत घातलं. त्याचा परिणाम असा झाला की शाळेत माझं मराठी इंग्रजी ऐकून मुली हसायच्या आणि गल्लीत माझं इंग्रजी मराठी ऐकून. मी दोन्हीकडे गप्प राहायला शिकले. मुलाखतीत आमच्या डॉक्टर मॅडमनी तीन प्रश्न विचारले, मी तिन्हींची उत्तरं एकेका शब्दात दिली.

"एवढंच बोलतेस?"

"हो."

"मग उद्यापासून ये."

मॅडमचा एक नियम आहे. लॅबमध्ये कुणाचं नाव मोठ्याने पुकारायचं नाही, नंबर पुकारायचा. रिपोर्ट बंद पाकिटात आणि पेशंटच्याच हातात. हा नियम आला तो दशरथकाकांमुळे. काका आमचे अटेंडंट. नमुने आणतात, काचा धुतात, चहा सांगतात, कुलूप-किल्ली त्यांच्याकडे असते. पूर्वी मेंढरं राखायचे. एकदा त्यांनी भरल्या बाकांसमोर "परसाकडंचा डबा आणलेलं पाटील कोण हायत?" असं विचारलं आणि पाटील डबा तिथेच टाकून निघून गेले. त्या दिवसापासून नंबर.

काका अखंड बोलतात. चहाच्या टपरीवर, जिन्यात, काचा धुताना. मी एकदा विचारलं होतं, "काका, थकत नाही का हो?" तर म्हणाले, "बारक्या म्याडम, वीस वर्सं मेंढरामागं मुक्यानं हिंडलो. त्यो बॅकलॉग भरून काढाय लागलोय." मला ते 'बारक्या म्याडम' म्हणतात. मनातल्या मनात मी त्यांना जरा कमी लेखत होते, हे आता लिहायला लाज वाटते. ते बोलतात, मी बोलत नाही. ते कच्चं मडकं, मी पक्कं.

एकदा एक मोठे बागाईतदार आले. त्यांच्या ड्रायव्हरचा रिपोर्ट मागायला लागले. मी म्हणाले, ज्यांचा आहे त्यांनाच मिळेल. "अगं पोरी, त्याला पगार मी देतो. गाडीत माझी लेकरं बसतात." मी पुन्हा तेच म्हणाले. त्यांनी टेबलावर हात आपटला, मी तिसऱ्यांदा तेच म्हणाले. ते गेल्यावर काका म्हणाले, "भले! आमच्या बारक्या म्याडमचं त्वांड म्हंजी बँकेचं लॉकर." त्या दिवशी मी घरी जाताना ताठ चालले.

या लॉकरची किल्ली घरातच घडलेली होती. आमच्याकडे रविवारी एक शिस्त असते. उपासना सुटल्यापासून दुपारचं जेवण होईपर्यंत, जो माणूस खोलीत नाही त्याच्याबद्दल बोलायचं नाही. बरं नाही, वाईट नाही, काहीच नाही. कुणी चुकून "त्या शेजारच्या..." म्हणालं की पप्पा चमच्याने ताटावर टक् करायचे. बोलण्यावर पहारा ठेवणं हे आमच्या घरात उपवासापेक्षा मोठं मानलं जायचं. पाळकसाहेबही उपदेशात सांगायचे, "जीभ केवढीशी असते? तेरखेड्याला जाऊन बघा. फटाक्याच्या कारखान्यात शिरताना माणूस आगपेटी बाहेर ठेवतो. तुम्ही दुसऱ्याच्या घरात शिरताना काय बाहेर ठेवता?"

पण या शिस्तीला एक फट होती. जेवणाआधीच्या प्रार्थनेत नावं चालायची. मम्मी डोळे मिटून म्हणायची, "प्रभू, समोरच्या घरातल्या भावाला दारूपासून सोडव, परवा त्याने बायकोची बांगडी विकली. प्रभू, अमक्या बहिणीच्या मुलीला सासरी परत पाठव, ती तीन महिने माहेरीच आहे." पप्पांचा चमचा त्या वेळी वाजत नसे. गल्लीतलं सगळं मला कळलं ते असं, हात जोडून, भाजीचा वास घेत. यात काही चुकतं आहे असं आम्हा कुणालाच कधी वाटलं नाही. देवालाच तर सांगत होतो.

सारिका आली ती गेल्या मार्चमध्ये. माझ्याच वयाची. वैशाखात लग्न होतं, मुलगा सीमेपलीकडच्या, बसवकल्याणकडच्या एका गावातला. मानेला लिंबाएवढी गाठ होती. शिलाईची टेप गळ्यात होती आणि टेपवरून ओढणी घट्ट गुंडाळलेली; घरातही ती काढत नाही, असं तिनेच सांगितलं. मॅडमनी गाठीत बारीक सुई घालून थोडं पाणी काढलं. असं पाणी काचेवर पसरतात, सुकवतात, मग त्यावर रंग घालून, धुऊन, वेगळा रंग घालतात. ते माझं काम. टीबीचे जंतू असतील तर निळ्या रंगात लालबुंद काड्या दिसतात. त्या काचेत मला दिसल्या, मग मॅडमनी पाहून खात्री केली.

इथे एक गोष्ट साऱ्यांसाठी सांगते, कारण ती कुणालाच माहीत नसते. टीबी नुसता मानेच्या गाठीत असेल, छातीत नसेल, तर तो शेजारी बसल्याने, एका ताटात जेवल्याने कुणाला लागत नाही. सहा महिने गोळ्या नेमाने घेतल्या की बरा होतो. हे मॅडमनी सारिकाला आणि तिच्या वडिलांना नीट समजावलं. वडिलांनी टोपी काढून हातात घेतली होती. ते एवढंच म्हणाले, "म्याडम, हे ह्या चार भिंतींत ऱ्हाऊ द्या. पावनं कानडी मुलखातलं हायत, वळखीचं न्हायत. त्यास्नी आमी हळूहळू सांगू, आमच्या तोंडानं."

बाहेर पाकीट द्यायला मी होते. सारिकाने पाकीट घेतलं नाही, माझं मनगट धरलं.

"ताई, लगीन व्हईल का वो माझं?"

मला काय काय सांगता आलं असतं! होईल. का नाही होणार. काचेत दिसलेल्या त्या काड्या सहा महिन्यांत मरतात, मी मेलेल्याही पाहिल्या आहेत. पण मी पक्कं मडकं. मी म्हणाले, "मॅडमना विचारा." तिने मनगट सोडलं.

ते मनगट मला चार दिवस जाणवत राहिलं.

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, बायकांची प्रार्थनासभा गुरुवारी दुपारी सुशीलामावशींच्या घरी भरते. माझी त्या दिवशी अर्धी सुट्टी असते. मावशी आमच्या नात्यातल्या नाहीत, पण सगळ्यांच्याच मावशी आहेत. कुणी आजारी असलं की डबा घेऊन पहिल्या पोहोचणाऱ्या. सतरंजीवर गोल बसायचं, गीत म्हणायचं आणि मग एकेकीने आपली विनंती सांगायची. मावशी ती वहीत लिहून घेतात. विनंती पूर्ण झाली की तिच्यापुढे लहानसा क्रूस काढतात. माझी पाळी आली की मी दर गुरुवारी "काही नाही" म्हणायचे, आणि मावशी दर गुरुवारी म्हणायच्या, "काय गं, इंग्रजी शाळेत देवाशी बोलायला शिकवत नाहीत का?" मग सगळ्या हसायच्या.

त्या गुरुवारी मी म्हणाले, "माझी एक विनंती आहे."

सगळ्या माझ्याकडे वळल्या.

"नाव सांगणार नाही," मी म्हणाले. "एक मुलगी आहे. माझ्या वयाची. लग्न ठरलंय, पुढच्याच महिन्यात आहे. मानेला गाठ आली आहे. औषध सहा महिन्यांचं आहे. ती फार घाबरली आहे. माझं मनगट धरून विचारत होती, लग्न होईल का."

"अरेरे," कुणीतरी म्हणालं. "प्रभू, प्रभू," मावशी म्हणाल्या. दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. एकीने माझ्या पाठीवर हात ठेवला. मी खरं सांगते, मला ते आवडलं. सारिकासाठी जीव तुटत होता हे खरं, पण सात-आठ बायका श्वास रोखून माझं बोलणं ऐकत आहेत, आणि माझ्या मराठीला कुणी हसत नाही, हेही मला आवडलं. मी आणखी एक वाक्य बोलले. ते बोलायची काही गरज नव्हती. "गाठ दिसू नये म्हणून बिचारी घरातसुद्धा ओढणी गुंडाळून बसते."

मावशींनी वहीत लिहिलं : भगिनी, लग्न ठरलेली, मानेची गाठ. नावाच्या जागी रेघ ओढली. मी ती रेघ पाहिली आणि निश्चिंत झाले.

त्यानंतर महिन्याभराने बाकावरची ती बाई म्हणाली, प्रार्थनेनं मोडलं म्हणं तिचं लगीन.

जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडला नाही. रिक्षा करून सुशीलामावशींकडे गेले. त्या शेवया वाळत घालत होत्या. मला पाहून खुश झाल्या.

"मावशी, तुम्ही त्या शिलाईच्या दुकानात गेला होतात?"

"सारिकाच्या? हो गं. बरं झालं आलीस. तुझ्यामुळेच तर गेले मी."

"म्हणजे?" मी विचारलं.

"माझं ब्लाऊज टाकायला गेले होते. बघते तर पोरगी पंख्याखाली बसून ओढणी गुंडाळून काम करतीये. घामाघूम. बाहेर ठीक आहे, ऊन लागतं. पण पंख्याखाली कशाला? विचारलं, तर म्हणाली, लग्न आहे पुढच्या आठवड्यात. माझ्या मनात लख्ख झालं. हीच ती! महिनाभर मी त्या रेघेसाठी रोज पहाटे प्रार्थना करत होते बघ, आणि प्रभूने मला तिच्या दारातच नेलं."

"मग?"

"मग काय, राहवलं नाही. डोक्यावर हात ठेवला. म्हटलं, बाळ, घाबरू नको. तुझ्या गाठीसाठी आम्ही आठ जणी महिनाभर प्रार्थना करतोय. सहा महिन्यांत गाठ विरून जाईल. कोपऱ्यात एक बाई बसली होती, मला वाटलं गिऱ्हाईक."

ती बाई सारिकाची होणारी सासू होती. सुनेच्या मापाचे ब्लाऊज आपल्यासमोर बेतावेत म्हणून रुखवताआधी मुद्दाम आली होती. 'गाठ' ऐकून तिने ओढणी बाजूला करायला लावली. मग 'सहा महिने' म्हणजे काय ते विचारलं. सारिकाला खोटं बोलता आलं नाही. सासू कानडीत "यव्वा!", अगं आई, एवढंच म्हणाली आणि चपला घालून निघाली.

"मी काय वाईट केलं गं?" मावशी म्हणाल्या. त्यांचे हात शेवयांच्या पिठाने पांढरे झाले होते. "तिचा बाप आला होता काल, कुणी सांगितलं म्हणून विचारायला. मी तुझं नाव घेतलं नाही हं. म्हटलं, प्रभूने मनात घातलं. तुझी नोकरी जायला नको." मग माझ्या गालाला मनगट लावून त्या मायेने म्हणाल्या, "तू तर किती सांभाळून बोललीस त्या दिवशी. नावसुद्धा घेतलं नाहीस."

कुणी कानाखाली मारली असती तरी मी इतकी हादरले नसते. नावाची मी राखण केली होती आणि बाकी सगळी मुलगी वाटून टाकली होती. वय, लग्न, महिना, मान, गाठ, ओढणी. एवढ्याशा गावात त्या सहा गोष्टी एकाच मुलीत असणार. नाव हाच तिच्याबद्दलचा सर्वांत कमी उपयोगाचा तपशील होता. आणि माझ्या चुकीचा आळ आता देवावर गेला होता. गावात बायका एकमेकींना सांगत होत्या की ख्रिस्ती लोकांचा देव पोरींचे रोग चव्हाट्यावर आणतो.

त्याहून मोठा धक्का मला नंतरच्या तीन दिवसांनी दिला. मी गप्प राहिले. लॅबमध्ये गेले, सुया टोचल्या, नंबर पुकारले, घरी येऊन जेवले. मी इतकी सहज गप्प राहू शकते हे पाहून मीच घाबरले. रविवारी जेवताना मम्मीने प्रार्थनेत म्हटलं, "प्रभू, त्या शिवणकाम करणाऱ्या मुलीला..." मी डोळे उघडले आणि चमचा घेऊन ताटावर टक् केलं. पप्पा चकित होऊन माझ्याकडे पाहत राहिले. मम्मी थांबली. कुणी काही विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास सारिका आणि तिचे वडील लॅबमध्ये आले. मी काचेच्या पार्टिशनमागे काचा रंगवत होते. तिथून सगळं दिसतं, ऐकू येतं.

"म्याडम, भांडाय आलो न्हाय," वडील म्हणाले. "येवढंच सांगा. घरात आमी तिघं आन् हितं तुमी. मग त्या बाईला कसं कळालं? ती म्हणती देवानं सांगितलं. आमचा बी देव हाय, त्यो कवा असं सांगत न्हाय."

मॅडमचा चेहरा पडला. त्यांनी बाकावरच्या पेशंटना बाहेर थांबायला सांगितलं, दार लावलं आणि दशरथकाकांना बोलावलं.

"काका, टपरीवर काही बोललात?"

"म्या? न्हाय, म्याडम."

"आमच्या शेजारच्याच गावचं हायत तुमी," वडील म्हणाले. "रोज स्टँडवर च्या पिता. माणसं म्हणत्यात, दशरथच्या पोटात पाणी बी ठरत न्हाय."

"ठरत न्हाय, खरं हाय." काका हसायचा प्रयत्न करत होते. "पावसापाण्याचं, मेंढराचं, पुढाऱ्याचं, समदं बोलतो म्या. पर पाकिटातलं न्हाय वो बोलत. लेकराची आन."

"काका, याआधीही एकदा मी तुम्हाला ताकीद दिली होती," मॅडम म्हणाल्या. "दुसरं कोण आहे इथे? मी नाही. आणि ती आतली मुलगी, तिच्या तोंडून तर ब्र निघत नाही. दर रविवारी चर्चला जाते, देवभीरू पोर आहे. तिच्यावर मी डोळे झाकून विश्वास ठेवीन. किल्ल्या ठेवा टेबलावर."

काकांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. त्याला मेंढीच्या गळ्यातली लहान घंटा बांधलेली आहे. ती टेबलावर टेकताना किणकिणली. सहा वर्षांत मी त्यांच्या तोंडून एकाही पेशंटच्या पाकिटातली गोष्ट ऐकलेली नव्हती. एकही. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. आणि जी एकच गोष्ट या लॅबमधून बाहेर गेली, ती लॉकरमधून गेली होती.

काका दारापर्यंत गेले आणि वळले.

"त्या बारक्या म्याडमला इचारा. सहा वर्सं शेजारी बसती ती. म्या कवा कुणाचं सांगितलेलं तिनं ऐकलंय का, तेवढं इचारा. ती खोटं बोलायची न्हाय."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. माझ्या हातमोज्यांना निळा रंग लागला होता. मी पार्टिशनच्या बाहेर आले. लहानपणापासून मी रोज रात्री मागत आले होते की प्रभू, माझ्या तोंडावर पहारा ठेव, ओठांचं दार सांभाळ. आता ते दार मला उघडायचं होतं. घाबरले की मला इंग्रजी येतं.

"आय ॲम सॉरी," मी म्हणाले.

ते शाळेत वहीवर शाई सांडल्यावर म्हणतात तसं वाटलं. मी काकांच्या वतीने माफी मागते आहे असं मॅडमना वाटलं असावं. त्या "अगं, तुझा काय दोष," म्हणत होत्या. वडिलांना काहीच कळलं नाही.

सारिका पुढे आली. तिने ओढणी घेतली नव्हती. आता लपवायला काही उरलंच नव्हतं. टेप तेवढी गळ्यात होती. तिने माझं मनगट धरलं नाही, नुसती समोर उभी राहिली.

"कशाचं सॉरी, ताई?"

मी हातमोजे काढले. पेशंटना मी नेहमी 'तुम्ही' म्हणते. त्या दिवशी ते जमलं नाही.

"काकांनी नाही सांगितलं, सारिका. देवानेही नाही. मी सांगितलं. आमच्या प्रार्थनेत, आठ जणींसमोर. फक्त तुझं नाव घेतलं नाही, बाकी तुझं सगळं सांगितलं."